दोन पोती कॉफी आणि कंटेनरएवढे नियम

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पंधरा दिवसांपूर्वी तुमच्या वाचकांच्या पत्रांत इंदिरानगरच्या एका काकांचं पत्र आलं होतं. कॉलेज रोडच्या एका कॅफेत नातीसोबत गेले, एक कप इथिओपियाची कॉफी मागवली आणि बिल आलं ३२० रुपये, त्यावरून त्यांनी चांगलंच झापलंय सगळ्यांना. काखेत कळसा अन् गावाला वळसा, चिकमगळूर उशाशी असताना आफ्रिकेतून दाणे कशाला आणायचे, आणि आणले तरी पोत्यात भरले, बोटीत टाकले, आले, त्यात एवढं काय, असं त्यांचं म्हणणं. काकांचा राग मला समजतो, ३२० रुपयांत आपल्याकडे चार जणांची मिसळ होते पाव एक्स्ट्रा घेऊन. पण ते ‘पोत्यात भरले, बोटीत टाकले, आले’ वाचलं आणि मला राहवलं नाही, कारण गेलं दीड वर्ष मी हेच करायला बघतोय आणि माझं पोतं अजून आलेलं नाही.

आधी माझं सांगतो. अंबडच्या एका कंपनीत चौदा वर्षं क्वालिटीत होतो, ती नोकरी सोडून सातपूरला छोट्या शेडमध्ये कॉफी भाजायचं काम सुरू केलं. मशीन एका वेळी पाच किलोचं, माणसं आम्ही दोघं आणि दाणे निवडायला आई. चिकमगळूर, कोडगू आणि थोडी अराकूची कॉफी आणतो, भाजतो, नाशकातल्या काही कॅफेंना आणि घरगुती गिऱ्हाइकांना देतो. कच्ची कॉफी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, ती काळी नसते, कॉफीचा वासही नसतो तिला. हिरवट-करडा कडक दाणा, वास ओल्या गोणपाटाचा किंवा वाळलेल्या वाटाण्यासारखा. आम्ही त्याला ग्रीन म्हणतो. भट्टीत गेला की आधी पिवळा होतो, मग तपकिरी, आणि एका क्षणी लाह्या फुटल्यासारखा तडतडतो. किलोभर ग्रीन टाकला की साधारण ८४०-८५० ग्रॅमच हातात येतो, बाकीचं पाणी आणि साल उडून जाते.

तर गिऱ्हाईक विचारायला लागलं की आफ्रिकेची नाही का तुमच्याकडे. मी एकदा पुण्यात एकाकडे इथिओपियाची प्यायलो होतो, त्यात खरंच मोगऱ्याच्या जवळ जाणारा वास होता, साखर न घालता, काही न घालता. मला वाटलं आणूया थोडी. नेटवर एक एक्स्पोर्टर शोधला, त्याने दोन किलो ग्रीन सॅम्पल कुरिअरने पाठवतो म्हटलं. कुरिअरवाल्याला मी इथे विचारून घेतलं होतं, काउंटरवरचा मुलगा म्हणाला, सर खायची वस्तू आहे, जाईल ना. आलं पार्सल मुंबई एअरपोर्टला आणि तिथेच बसलं. पहिला मेसेज केवायसी द्या. दिलं. दुसरा मेसेज, फायटो अपलोड करा, म्हणजे मालात कीड-रोग नाही असं पाठवणाऱ्या देशाचं सरकारी सर्टिफिकेट. तिसरा मेसेज, इम्पोर्ट परमिट अपलोड करा. मी एक्स्पोर्टरला मेसेज टाकला, तो म्हणतो दोन किलोला फायटो कोण काढतं. अकरा दिवस हा खेळ चालला आणि शेवटी दोन ऑप्शन आले, आपल्या खर्चाने परत पाठवा नाहीतर नष्ट करायला परवानगी द्या. परत पाठवायचा खर्च दाण्यांच्या चौपट, म्हणून नष्ट करा म्हटलं, तर नष्ट करायचंही बिल आलं. म्हणजे मी इथिओपियाची कॉफी जाळायचे पैसे दिले, भाजायचे नाही.

रागाच्या भरात मीही तुम्हाला पत्र लिहिणार होतो तेव्हा, बरं झालं नाही लिहिलं. कारण नंतर चुलतकाकांकडे दिंडोरीला गेलो आणि हे रडगाणं सांगितलं, तर काका हसायलाच लागले. म्हणे अरे फायटो माहीत नाही तुला, नाशिकचा असून? आणि खरंय, द्राक्षाचा कंटेनर युरोपला जातो तेव्हा फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटशिवाय हलत नाही, या मालात अमुक कीड नाही, तमुक रोग नाही असं आपलं कृषी खातं लिहून देतं तेव्हा पलीकडचं बंदर तो माल उतरवून घेतं. बागेचं रजिस्ट्रेशन, ग्रेपनेट या निर्यातीच्या ऑनलाइन यंत्रणेवर नोंद, औषधाच्या अंशाचा म्हणजे रेसिड्यूचा रिपोर्ट, पॅकहाऊसची तपासणी, हे सगळं आमच्या घरातली माणसं वर्षानुवर्षं करतायत. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशावरून युरोपने आपली द्राक्षं अडवली होती, तो प्रकार किडीचा नव्हता, औषधाचा होता, पण अडकलेला माल म्हणजे काय हे काकांनी तेव्हा बघितलंय. ते मला म्हणाले, आपण बाहेर माल पाठवताना जो कागद देतो तोच कागद आपण बाहेरून माल आणताना मागितला तर एवढं वाईट का वाटून घेतो?

हे पटलं. म्हणून मग नीट माहिती काढायला बसलो, आणि न्हावाशेव्याच्या एका जुन्या सीएचएला जाऊन भेटलो. सीएचए म्हणजे कस्टमचं काम करून देणारा एजंट, आता त्यांना कस्टम ब्रोकर म्हणतात पण सगळे सीएचएच म्हणतात. त्यांनी टपरीवर चहा घेता घेता बिलाच्या मागच्या बाजूला मला सगळं लिहून दिलं आणि वर चार शब्द अधोरेखित केले, ‘आधी परमिट, मग बोट’. तो कागद माझ्या मशीनवर चिकटवलेला आहे.

आता तो कागद काय म्हणतो ते सांगतो, कारण इतका शोध घेऊनही मराठीत हे एका जागी मला कुठेच मिळालं नाही. कच्चा कॉफीचा दाणा सरकारच्या लेखी आधी बी आहे आणि मग खायची वस्तू. बी म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवतं प्लांट क्वारंटाइन, म्हणजे केंद्रीय कृषी मंत्रालयाचं खातं, मुख्यालय फरिदाबादला आणि आपल्यासाठी मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरला. त्यांचा कायदा १९१४ चा, डिस्ट्रक्टिव्ह इन्सेक्ट्स अँड पेस्ट्स अ‍ॅक्ट, आणि त्याखालची २००३ ची प्लांट क्वारंटाइन ऑर्डर. या ऑर्डरला शेड्यूल जोडलेली आहेत, त्यात कुठलं पीक, कुठला देश, कुठल्या कामासाठी, कुठल्या कीडरोगांपासून मुक्त असल्याचं लिहून हवं आणि धुरी द्यायची का, असा एकेक रकाना. पेरायला आणणार असाल तर वेगळं आणि फार कडक, खायला-भाजायला आणणार असाल तर वेगळं. आपला देश आणि आपला माल त्या यादीत बसतोय का हे आधी बघायचं, बसत असेल तर ऑनलाइन इम्पोर्ट परमिट काढायचं, ते परमिट एक्स्पोर्टरला पाठवायचं, तो ते घेऊन त्याच्या देशाच्या खात्याकडून फायटो काढणार आणि त्या फायटोवर आपल्या परमिटमधल्या अटी जशाच्या तशा उतरलेल्या हव्यात, आणि मग माल बोटीत चढणार. उलटं केलं की माझ्या पार्सलसारखं होतं. माल लाकडी पॅलेटवर असेल तर त्या लाकडावर पण शिक्का हवा, आयपीपीसी या पीक-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह असतं, म्हणजे लाकूड तापवलेलं किंवा धुरी दिलेलं आहे. कॉफी चोख आणि पॅलेटमध्ये भुंगा असं नको म्हणून. माल आला की क्वारंटाइनवाले सॅम्पल काढून बघतात, जिवंत किडा दिसला तर धुरी, नाहीतर परत.

इथे थोडं थांबतो, कारण इंदिरानगरच्या काकांसारख्या वाचकांना वाटेल एवढ्याशा दाण्यात काय मोठं असणार. माझी आई सुपात दाणे घेऊन निवडते, तांदूळ निवडतात तसे, आणि मधेच एखादा दाणा बाजूला काढून मला देते. त्याला टाचणीने पाडावं तसं गोल भोक असतं. तो बेरी बोरर, दीड-दोन मिलिमीटरचा काळपट भुंगा. मादी कॉफीच्या फळात शिरते, दाण्यात पोखरून अंडी घालते, पिल्लं आतच वाढतात. हा किडा आफ्रिकेतला, आपल्याकडे नव्हताच, १९९० साली निलगिरीत गुडलूरला पहिल्यांदा सापडला आणि तिथून वायनाड, कोडगू करत पसरला. आज कर्नाटकातला प्रत्येक कॉफीवाला त्याच्या नावाने बोटं मोडतो. कायदा तेव्हाही होता, तरी आला. आणि एक कॉफी बेरी डिसीज म्हणून बुरशी आहे, केनियात १९२२ साली पहिल्यांदा नोंदली गेली, ती हिरवं फळ झाडावरच काळं करून टाकते, ती अजून आफ्रिकेच्या बाहेर पडलेली नाही. श्रीलंकेत १८६९ ला तांबेरा आला आणि पुढच्या वीसेक वर्षांत तिथली कॉफी संपली, लोकांनी वैतागून चहा लावला, तोच आज जगात सिलोन टी म्हणून विकतात. त्यामुळे क्वारंटाइनवाला दोन किलोचं पार्सल अडवतो तेव्हा तो मूर्खपणा करत नाही, किड्याला वजन कळत नाही. बाबा बुदान या सूफी संतांनी येमेनच्या मोका बंदरातून सात दाणे लपवून आणले आणि चिकमगळूरजवळ चंद्रगिरीच्या डोंगरावर लावले अशी गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात, मीही सांगतो गिऱ्हाइकांना, पण आज कुणी तेच केलं तर तो सगळ्यात धोक्याचा प्रकार, पेरायचं बी आणि कागद एकही नाही. आपल्या महाराष्ट्रात चिखलदऱ्याला थोडी कॉफी आहे, तिथे असलं काही पोचलं तर मलाच वाईट वाटेल.

तर क्वारंटाइनचं मान्य. पुढे. खायची वस्तू म्हणून एफएसएसएआय, म्हणजे खाद्यपदार्थांवर देखरेख करणारी केंद्राची संस्था. साधं राज्याचं लायसन्स चालत नाही, इम्पोर्टरला सेंट्रल लायसन्स लागतं, वर्षाची फी साडेसात हजार, मग तुम्ही वर्षात एक पोतं आणा नाहीतर हजार. कच्ची कॉफी म्हणजे काय याचीही व्याख्या आहे त्यांच्या नियमात, अरेबिका, रोबस्टा वगैरे जातींचा साल काढलेला वाळवलेला दाणा. माल बंदरात आला की त्यांच्या ऑनलाइन सिस्टिमवर अर्ज, मग कागद तपासणार, माल बघणार, सॅम्पल घेतलं तर लॅबला जाणार, आणि मग एनओसी. लेबलात इम्पोर्टरचं नाव-पत्ता किंवा लायसन्स नंबर राहिला असेल तर बाँडेड गोडाऊनमध्ये, म्हणजे कस्टमच्या देखरेखीखालच्या गोडाऊनमध्ये, स्टिकर लावून घ्यायची सोय आहे, हे चांगलं आहे, नाहीतर एका स्टिकरसाठी पोती अदिस अबाबाला परत. फूड सेफ्टीच्या २०१७ च्या इम्पोर्टच्या नियमांत रिसर्च आणि प्रदर्शनासाठी येणाऱ्या मालाचा वेगळा विचार केलेला आहे, ते बघून मी खूश झालो होतो, सॅम्पलचं काम झालं म्हटलं, तर सीएचए म्हणाले तुझा अडकला होता तो क्वारंटाइनला, फूडला नाही. दोन वेगळी मंत्रालयं, दोन वेगळे दरवाजे, आणि एकाने आत घेतलं म्हणून दुसरा घेत नाही.

याशिवाय डीजीएफटीचा, म्हणजे केंद्राच्या परदेशी व्यापार खात्याचा, आयईसी कोड, आयात-निर्यात करणाऱ्याला लागणारा नंबर, तो मात्र घरबसल्या निघाला, पाचशे रुपयांत, त्यांचं कौतुक. आयात धोरणात कॉफी फ्री आहे, म्हणजे आणायला बंदी नाही, कोटा नाही. हे वाचून माणूस हुरळून जातो. मग पुढचा रकाना येतो.

ड्युटी १०० टक्के. बेसिक कस्टम ड्युटीच शंभर, वरचे सरचार्ज वगैरे सोडून धरतो हिशेबाला. आणि ही ड्युटी मालाच्या किमतीवर नाही, किंमत अधिक भाडं अधिक विमा, या सगळ्यावर. गंमत अशी की आपल्या जीएसटीत कच्ची कॉफी शून्य टक्क्यात आहे आणि भाजलेली पाच टक्क्यात. म्हणजे देशाच्या आत सरकारला हा दाणा शेतमाल वाटतो आणि बंदरावर तोच सोन्याची बिस्किटं वाटतो. व्हिएतनाम, इंडोनेशियाकडून आणली तर आग्नेय आशियातल्या देशांशी असलेल्या आसियान करारात ४५ टक्के लागते, पण त्यासाठी त्या देशाचं मूळ देशाचं सर्टिफिकेट हवं आणि २०२० पासून तो माल खरंच तिथलाच आहे याची माहिती आपण स्वतः जवळ ठेवायची, कस्टमने मागितली की दाखवायची. सुमात्राची कॉफी चांगली असते, पण गिऱ्हाइकाला हवी इथिओपिया.

इंदिरानगरच्या काकांसाठी हिशेब मांडतो, आकडे समजा म्हणून घ्या. किलोला ६०० रुपये किंमत बंदरापर्यंत पडली. ड्युटी धरून १२००. आता परमिट, सीएचए, बंदराचे चार्जेस, तपासणी, लॅब, नाशिकपर्यंतचा टेम्पो, हे सगळं मिळून समजा ४० हजार. वीस फुटी कंटेनरमध्ये साठ किलोची ३२० पोती येतात, म्हणजे १९,२०० किलो, त्याच्यावर हा खर्च पसरला तर किलोला दोन रुपये पडतो. माझी दोन पोती, १२० किलो, त्याच्यावर पसरला तर किलोला ३३३ रुपये. म्हणजे १२०० चे झाले १५३३. भाजल्यावर वजन घटणार, ८४ टक्के उरलं धरा, म्हणजे किलो १८२५. एका कपाला अठरा ग्रॅम, ३३ रुपये. हो, ३३च. उरलेले २८७ रुपये कॉलेज रोडचं भाडं, एसी, पगार आणि ती लाकडी खुर्ची ज्यावर बसून पाठ दुखते. म्हणजे काका, तुमचं थोडं बरोबर आहे, सगळं खापर ड्युटीवर फोडता येणार नाही कॅफेवाल्यांना. मी त्यांचा सप्लायर आहे, हे छापून आल्यावर दोन फोन येणारच मला, येऊ देत. पण माझा प्रश्न कपाचा नाही. १२०० आणि १५३३ मधल्या त्या ३३३ चा आहे.

कारण नियम सगळ्यांना सारखे आहेत असं म्हणतात पण ते मुळात कंटेनरच्या मापाचे आहेत. मोठ्या इन्स्टंट कॉफीच्या कंपन्या व्हिएतनाम, युगांडाचा ग्रीन आणतात, प्रोसेस करून बाहेर पाठवतात, त्यांना अ‍ॅडव्हान्स ऑथोरायझेशनवर, म्हणजे निर्यातीच्या मालासाठी कच्चा माल आणायच्या परवानगीवर, ड्युटी माफ. एक्स्पोर्ट करतात, डॉलर आणतात, माझी तक्रार नाही. त्यांच्याकडे फक्त कागद बघायला चार माणसं असतात. इथे शेडमध्ये कागद बघणारा, भाजणारा, पाकिटं चिकटवणारा आणि डिलिव्हरीला जाणारा एकच इसम आहे.

आता जे मला खरं खुपतं ते सांगतो. हीच इथिओपियाची कॉफी दुबईत किंवा युरोपात कुणी भाजली आणि भाजलेली पाकिटं इथे आणली, तर क्वारंटाइनचा प्रश्न जवळपास मिटतो, कारण दोनशे अंशांवर भाजलेल्या दाण्यात ना किडा जगतो ना बी उगवतं. शास्त्राने हे बरोबरच आहे. पण ड्युटी? भाजलेल्यावरही १००, कच्च्यावरही १००. मग कुणी शहाणा माणूस कच्ची का आणेल? भाजायचं काम, त्यातला नफा, त्यातला रोजगार सगळा तिकडे, आणि आपण पाकीट फोडून उकळतं पाणी ओतायचं. एरवी आपण मेक इन इंडिया म्हणतो, कच्च्या मालाला ड्युटी कमी आणि तयार मालाला जास्त असं गणित बाकी धंद्यांत सगळीकडे ऐकतो, मग कॉफीतच दोन्ही एका तागडीत का? मला दिल्लीवाल्यांचं कारण माहीत आहे आणि ते पोकळ नाही, कर्नाटक, केरळ, तमिळनाडूच्या मळेवाल्यांना बाहेरचा स्वस्त ग्रीन येऊन भाव पडू नये, इतकंच. मी शेतकऱ्याच्या घरातला आहे, कांद्याचा भाव पाडायला सरकार काय काय करतं ते आम्ही लासलगावला बघितलंय, २०२३ मध्ये ऑगस्टला ४० टक्के निर्यात ड्युटी आणि डिसेंबरला सरळ निर्यातबंदी. त्यामुळे शेतकऱ्याला संरक्षण नको असं माझ्या तोंडून निघणार नाही. फक्त एवढंच म्हणतो की आपल्या देशातली दोन तृतीयांशापेक्षा जास्त कॉफी बाहेर जाते, आणि माझ्यासारखे लोक जी दोन-चार पोती आणू बघतात ती किलोला ६०० ची, स्वस्त नाहीच ती. त्याने चिकमगळूरच्या रोबस्टाचा भाव पडणार नाही. उलट जो माणूस इथिओपिया प्यायला शिकतो तोच पुढच्या महिन्यात येऊन विचारतो की आपल्याकडे अशी कुठली आहे, आणि मी त्याला बाबा बुदान गिरीची देतो. माझी भारतीय कॉफीची विक्री अशीच वाढलीय.

मग मी मागतोय काय? शंभराचे शून्य करा असं अजिबात नाही. भाजलेल्यापेक्षा कच्च्याला काहीतरी कमी ठेवा, किती ते मंत्रालयात बसलेल्यांनी ठरवावं. किडीच्या बाबतीत एक अक्षर सैल करू नका, पण शंभर-दोनशे किलोच्या मालासाठी क्वारंटाइन आणि फूड यांचं सॅम्पल एकाच दिवशी, एकाच वेळी काढता येत नाही का? कस्टमची सिंगल विंडो आहे म्हणतात, कागदावर आहेच, एकदा भरलं की सगळ्यांकडे जातं, पण पोतं उघडायला माणसं वेगवेगळ्या दिवशी येतात आणि मधल्या दिवसांचं डिमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचं भाडं, माझं. मुंबईच्या दमट हवेत कच्ची कॉफी पडून राहणं म्हणजे काय, तर दहा-बारा टक्के ओलाव्यावर वाळवलेला दाणा हवेतलं पाणी ओढतो, साडेबाराच्या वर गेला की बुरशीला आमंत्रण. म्हणजे रोगराई येऊ नये म्हणून थांबवलेल्या पोत्यात थांबवल्यामुळेच बुरशी धरायची. पावसाळ्यात आणायचं नाही असं सीएचएंनी त्या बिलामागे शेवटच्या ओळीत लिहिलंय.

आणि दुसरं नाशिकपुरतं. आपल्याकडे द्राक्षामुळे फायटोचं काम जाणणारे अधिकारी आहेत, ओझरला कार्गो आहे, जानोरीला रोज रीफर म्हणजे थंड कंटेनर लागतात, किडी ओळखणारी शिकलेली पोरं कृषी कॉलेजांतून बाहेर पडतायत. बाहेर माल पाठवायचं मार्गदर्शन इथे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं, सेमिनार होतात, जेवणासकट. बाहेरून कायदेशीर माल कसा आणायचा हे सांगायला मात्र एक खिडकी नाही. मी तीन ऑफिसं फिरलो, दोन ठिकाणी मला एक्स्पोर्टचा फॉर्म दिला. तिसऱ्या ठिकाणी साहेब म्हणाले, कॉफी आपल्याकडे कुठे पिकते? म्हटलं म्हणूनच आणायचीय. महिन्यातून एक दिवस, एक टेबल, एक जाणकार माणूस आणि मराठीत एक पान एवढंच हवंय. ते पान मी फुकट लिहून देतो, अर्धं तर या पत्रातच लिहून झालंय.

आमच्या धंद्यातल्या पोरांनाही एक सांगायचंय. काही जण येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतून ग्रीन मागवतात, कपड्यांत गुंडाळून दोन-तीन किलो, आणि इन्स्टावर टाकतात ‘फ्रेश क्रॉप’. नका करू. भुंग्याची मादी बॅगेतही जगते. एकाच्या नावावर परमिट काढून पुण्या-कोल्हापूरच्या दोघा-तिघांनी मिळून दहा पोती आणा, परमिट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही हे लक्षात ठेवा, ज्याच्या नावावर आहे त्यानेच क्लिअर करायचं आणि मग बाकीच्यांना रीतसर बिलावर विकायचं, कच्च्या कॉफीला जीएसटी नाही त्यामुळे ते सोपं पडतं. ६०० किलोवर तो ४० हजारांचा खर्च किलोला ६६-६७ रुपयांवर येतो. आम्ही तिघं आता हेच करतोय.

कळावे, लोभ असावा.

आपला नेहमीचा वाचक,
सातपूर, नाशिक

ता. क. परमिटचा अर्ज मागच्या मंगळवारी ऑनलाइन भरला. कॉफीचं झाड त्या यादीत लॅटिन नावाने आहे, ते सापडायला पाऊण तास गेला, आणि ‘कशासाठी आणताय’ या रकान्यात चुकून पेरणीसाठी सिलेक्ट झालं होतं ते सबमिट दाबायच्या आधी दिसलं, नाहीतर पुन्हा गेले असते तीन महिने. आई रोज विचारते पोतं कधी येणार, तिने नवीन सूप आणून ठेवलंय.